चालीला गुण द्यायचे की गळ्याला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दारव्हा तालुक्यातल्या तुमच्या गावच्या मंडळानं मागच्या वर्षी ‘नवी चाल’ स्पर्धा ठेवली. हौशी लोकांनी एखाद्या अभंगाला किंवा स्वतःच्या गीताला चाल लावायची आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायची. तिशीच्या आसपास प्रवेशिका आल्या. पहिला नंबर लागला तो यवतमाळला स्टुडिओत जाऊन, कीबोर्ड-ऑक्टोपॅड लावून रेकॉर्ड केलेल्या चालीचा. गावातल्या ढोलकीवाल्या काकांची चाल, जी अजून पोट्टे शाळेत जाता-येता म्हणतात, ती पहिल्या पाचातही नव्हती. त्यावरून भांडण झालं, परीक्षकांवर नाही नाही ते आरोप झाले. यंदा परीक्षणाची व्यवस्था तुमच्या गळ्यात पडली आहे आणि तुम्हाला ती न्यायानं करायची आहे.

भाऊ, परीक्षकांनी लबाडी केली असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. तुम्ही पाठवलेलं गुणपत्रक पाहिलं: सूर 20, ताल 20, सादरीकरण 20, वाद्यसाथ 20, वेशभूषा 10, शिस्त 10. हे भजन स्पर्धेचं गुणपत्रक आहे, आपल्याकडे वर्षानुवर्षं झेरॉक्स होत आलेलं. त्यात चालीला एकही गुण नाही! रेकॉर्डिंगवर वेशभूषेचे गुण कसे दिले असतील कोण जाणे. असा कागद हातात दिला की परीक्षक चांगला गळा आणि भरगच्च साथच निवडणार. चालीची स्पर्धा ठेवायची तर चाल वेगळी काढून ऐकण्याची सोय करावी लागते. सगळं काम तिथेच आहे.

आपल्या 1957 च्या प्रताधिकार कायद्यात हा फरक स्वच्छ केलेला आहे. संगीतकृती म्हणजे संगीत. तिच्यासोबत गायचे शब्द त्यात येत नाहीत, आणि गाणाऱ्याचा हक्क वेगळा. शिवाय संगीतकार कोण, तर ज्यानं ती चाल रचली तो, मग त्यानं ती स्वरलिपीत लिहिलेली असो वा नसो. ही दुसरी गोष्ट नियमावलीत पहिल्याच ओळीत टाका. मागच्या वेळी तुम्ही भातखंडे पद्धतीचं नोटेशन, म्हणजे स्वरलिपीच, सक्तीचं केलं होतं, ते काढून टाका. खंजिरीवर आणि ढोलकीवर वाढलेला माणूस नोटेशन लिहीत नाही. तो कोण्यातरी विशारद पोरीकडून लिहून घेतो, ती लिहिताना चालीच्या कडा घासून टाकते, आणि मग कागदावरची चाल एक अन् रेकॉर्डिंगमधली दुसरी. रेकॉर्डिंग आणि शब्दांचा कागद एवढं पुरे.

आता चाल वेगळी काढायची कशी? पहिल्या फेरीसाठी साधं बंधन घाला: एक आवाज, एक सुराचं वाद्य, एक तालाचं वाद्य. पेटी-ढोलकी, एकतारी-खंजिरी, काहीही. कीबोर्डची तयार लय नको, मोबाइलच्या अॅपमधला घुमारा नको, कोरस नको. कोणाकडे वाद्यच नसेल तर हातानं टाळी देऊन गायलं तरी चालेल असं स्पष्ट लिहा, कारण ते लिहिलं नाही तर तशी माणसं प्रवेशिकाच पाठवत नाहीत.

त्यातून आठ-दहा चाली अंतिम फेरीत आल्या की त्या सगळ्या एकाच गायकानं, एकाच पेटीवाल्यानं आणि एकाच तबलजीनं वाजवून-गाऊन रेकॉर्ड कराव्यात. हे ऐकून तुमच्या मंडळातले लोक कुरकुर करतील, मला माहीत आहे. आमच्याकडे आर्वीलाही केली होती. पण गळा सगळीकडे तोच राहिला की कानाला दुसरं काही पकडायला उरत नाही, चालच ऐकावी लागते. गायक स्पर्धेत नसलेला आणि शक्यतो बाहेरगावचा घ्या. फार तयारीचा नको. तानाबाज गवई घेतला तर तो साध्या चालीतही आपली कारागिरी घालतो आणि पुन्हा गळाच जिंकतो. ज्याची चाल आहे त्यानं गायकाजवळ बसून ती शिकवायची, आणि रेकॉर्डिंग ऐकून ‘हो, माझी चाल हीच’ असं सांगायचं. तो नाही म्हणाला तर पुन्हा गाऊन घ्यायची. यातला त्रास पट्टीचा, म्हणजे ‘सा’ किती उंच धरायचा याचा, असतो. बाईनं काळी चारमध्ये बांधलेली चाल बुवांना काळी एकला घ्यावी लागते आणि कधीकधी तिचा खालचा भाग अंधारात जातो. तेवढ्यासाठी एक पुरुष आणि एक बाई असे दोन गायक ठेवले आणि प्रत्येक चाल कोणी गायची हे रचणाऱ्यानं ठरवलं, तरी चालतं.

शब्दांचं. मागच्या वेळी कोणी अभंग घेतला, कोणी स्वतःचं शेतकरी-गीत, कोणी भीमगीत. शब्द जितके काळजाला भिडणारे तितकी चाल चांगली वाटते, त्यात परीक्षकाचा दोष नाही. माझं मत, सगळ्यांना एकच रचना द्या. जुन्या संतांच्या गाथेतला एखादा फारसा न गायला जाणारा अभंग निवडा, म्हणजे डोक्यात आधीची चाल बसलेली नसते. तुकडोजी महाराजांचं भजन द्यावं असा तुमच्याकडे आग्रह आहे असं तुम्ही लिहिता. आपल्या भागात तो असणारच. फक्त एक लक्षात घ्या: महाराज 1968 साली गेले, आणि कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे 2028 संपेपर्यंत. तोवर ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांना विचारून घेतलेलं बरं. ज्ञानोबा-तुकोबांना ती अडचण नाही.

एकच रचना दिली की परीक्षकाला कुठे कान द्यायचा ते नेमकं सांगता येतं. मोठ्या अभंगाची बांधणी सहा-सहा-सहा-चार अक्षरांची. उदाहरणासाठी मीच एक ओळ जुळवतो:

पावसाने दिली / उशिरा पालवी / कापूस फुलवी / काळे रान.

भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत सहा अक्षरं आरामात बसतात. चौथ्या चरणात चारच अक्षरं, म्हणजे तिथे मोकळी जागा आली. नवखा माणूस ती जागा भरायची म्हणून ‘काळे रान, हो काळे रान’ करतो किंवा ‘रान’वर उगाच हेलकावे घेतो. जाणता माणूस ‘रान’वर थांबतो आणि टाळकऱ्यांना उचलायला जागा देतो. ही एक परीक्षा. दुसरी, तिसरा आणि चौथा चरण अर्थानं जोडलेले आहेत: काळं रान कापूस फुलवतं. ‘फुलवी’वर पूर्णविराम दिल्यासारखी चाल षड्जावर, म्हणजे मूळ ‘सा’वर, येऊन बसली तर वाक्य तुटलं. सूर तिथे लोंबकळत राहिला पाहिजे आणि ‘रान’ला घरी यायला पाहिजे. तिसरी परीक्षा शब्द फोडण्याची. ‘पालवी’तला ‘पाल’ समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, आपटला आणि ‘वी’ पुढच्या मात्रेवर एकटा पडला, तर ऐकणाऱ्याला पावसानं पाल दिली असं ऐकू येतं. हसू नका, असल्या चाली बक्षीस घेऊन जाताना मी पाहिल्या आहेत, कारण गाणारा इतका सुरेल होता की कोणाचं लक्षच गेलं नाही.

मग मुखडा, म्हणजे पुन्हापुन्हा परत येणारा सुरुवातीचा भाग. दोनदा ऐकून तिसऱ्यांदा सोबत म्हणता येतो का? पुढचे चरण मुखड्यापेक्षा वेगळ्या वाटेनं जातात का, आणि गेले तर परत कसे येतात? हौशी चालींमध्ये सगळ्यात कच्चा भाग हा परतीचा असतो. अंतरा, म्हणजे हे पुढचे चरण, वर चढतो, छान वाटतं, आणि मग मुखड्याला यायला रस्ताच नसतो, म्हणून मधे पेटीचा एक तुकडा टाकून उडी मारतात. पेटी काढून ऐकलं की ती उडी उघडी पडते. ठेक्याचंही बघा. विरहाच्या शब्दांना धावता केरवा लावला तर का लावला, याचं उत्तर चालीत सापडलं पाहिजे. कधीकधी सापडतंही.

गुणांची वाटणी मी अशी ठेवतो: शब्दांना न्याय 35, मुखडा 25, अंतऱ्याची बांधणी आणि परतणं 25, ठेक्याची निवड 15. नवेपणाला वेगळे गुण देत नाही. दिले की लोक मुद्दाम वाकडंतिकडं करतात.

तुमच्या तीन परीक्षकांत एक शाळेतले संगीत शिक्षक, एक भजनी बुवा आणि एक बँडमास्तर आहेत. मिश्रण चांगलं आहे. पण शिकलेल्या परीक्षकाची एक सवय मला नीट माहीत आहे, कारण मीही त्याच परीक्षा देऊन आलो. चाल ऐकली की आधी राग शोधायचा. भूप सापडला की समाधान, आणि मधेच त्यात न बसणारा एक कोमल निषाद आला की कपाळाला आठी. आपल्या भागातली भुलाबाईची गाणी घ्या, पचमढीच्या वाटेवर म्हणतात ती महादेवाची गाणी घ्या, झाडीपट्टीतल्या दंडार या लोकनाट्यातली गाणी घ्या. चार-पाच सुरांत सगळा खेळ. त्यांना रागाचं नाव चिकटवायला गेलं तर चिकटत नाही, आणि तरी पिढ्यान्पिढ्या त्या चाली टिकल्या. ज्याच्या कानात ते सूर आहेत तो माणूस चाल बांधताना तिथूनच उचलणार. तिला ‘रागशुद्धी नाही’ म्हणून खाली ढकलणं म्हणजे भाकरीला पोळीसारखी फुगली नाही म्हणून नापास करणं. उलटही होतं बरं. बुवांना रागदारीची चाल ‘आपली’ वाटत नाही आणि ते तिला थंडपणे बाजूला ठेवतात. म्हणून स्पर्धेच्या आधी तिघांना एकत्र बसवा आणि स्पर्धेबाहेरच्या तीन-चार वेगवेगळ्या चाली ऐकवून प्रत्येकानं किती गुण देऊन पाहिले ते मोठ्यानं सांगायला लावा. तासाभराचं काम आहे. तिथे जे मतभेद निघतात ते निकालाच्या दिवशी निघण्यापेक्षा बरे.

आता गुणांच्या बेरजेकडे येतो, कारण खरी गडबड इथे होते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. समजा शिक्षक आणि बुवा हात आखडून गुण देतात, सगळे सत्तरच्या आसपास. बँडमास्तर मोकळ्या हाताचे, आवडलं तर 88, नाही तर 58. चार नंबरच्या प्रवेशिकेला शिक्षकांनी 75, बुवांनी 74, बँडमास्तरांनी 58 दिले. नऊ नंबरला 74, 72, 66. सतरा नंबरला 72, 71, 88. बेरीज करा: 207, 212 आणि 231. सतरा नंबर दणक्यात पहिला. पण तिघांतल्या दोघांनी सतराला या तिन्हींत सगळ्यात खाली ठेवलं होतं! दोघांचं मत एकीकडे आणि निकाल दुसरीकडे, फक्त एकाची पट्टी लांब म्हणून. हेच गुणांऐवजी क्रम लावून पाहा. चार नंबरला 1, 1, 3, बेरीज 5. नऊला 2, 2, 2, बेरीज 6. सतराला 3, 3, 1, बेरीज 7. कमी बेरीज तो वर, म्हणजे चार नंबर पहिला.

म्हणून अंतिम फेरीत क्रमच लावायला सांगा. गुणपत्रक परीक्षकाच्या स्वतःच्या विचारासाठी राहू द्या, पण बेरीज क्रमांची करा. क्रमाचाही एक दोष आहे. पहिल्या-दुसऱ्यात केसाएवढा फरक असला आणि दुसऱ्या-तिसऱ्यात दरी असली तरी कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. त्यामुळे एखाद्या चालीला एकानं पहिला आणि दुसऱ्यानं आठवा क्रम दिला असेल तर ती पुन्हा वाजवा आणि दोघांना कारण सांगायला लावा. त्यानंतर ज्याला आपला क्रम बदलायचा असेल त्यानं सही करून बदलावा. मात्र आधी लिहिणं, मग बोलणं. आणि बोलताना वयानं सगळ्यात लहान परीक्षकानं आधी बोलायचं. बुवांनी ‘ही चाल मस्त आहे’ म्हटल्यावर गावात कोणी ‘नाही’ म्हणत नाही. पहिल्या फेरीत क्रम वगैरे काही नको, नुसत्या तीन खुणा: घ्यावी, पाहू, नको.

कोणाची चाल आधी ऐकली याचाही परिणाम होतो. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ या मोठ्या संगीत स्पर्धेच्या निकालांचा अर्थशास्त्रज्ञांनी 1996 साली अभ्यास छापला होता. अंतिम फेरी सहा संध्याकाळी चालते, रोज दोघे, आणि कोण कधी वाजवणार हे चिठ्ठीनं ठरतं. तरी पहिल्या दिवशी वाजवणारे खाली राहायचे आणि नंतर येणारे वर जायचे. जगातले नामांकित परीक्षक तिथे बसतात, मग तुमच्या जिल्हा परिषद शाळेच्या खोलीत दुपारी दोनला पंखा बंद असताना काय होणार! तिन्ही परीक्षकांना वेगवेगळ्या क्रमानं ऐकवा. एका बैठकीत दहापेक्षा जास्त नको, आणि बैठक संपताना सुरुवातीच्या दोन-तीन पुन्हा. स्पीकर एकच, आवाजाची पातळी एकच, कारण जे मोठ्यानं वाजतं ते चांगलं वाटतं. सगळ्यांसमोर मंचावर गाऊन घ्यायचा विचार असेल तर तो बक्षीस समारंभासाठी ठेवा. 2013 साली आलेल्या एका अभ्यासात संगीत स्पर्धांचे विजेते ओळखायला लावले, तेव्हा आवाज बंद करून नुसतं चित्र पाहणाऱ्यांनी ते जास्त अचूक ओळखले, आणि त्यात जाणकारही होते. म्हणजे परीक्षकांचे डोळे कानांवर मात करतात.

नावं झाकण्याचं तुम्ही विचारलंत. झाका, पण भाबडेपणा नको. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फाइलला नंबर देणारा एकच माणूस असावा आणि तो परीक्षकांत नसावा. फाइलच्या नावात ‘गजूभाऊ फायनल 2’ असं राहत नाही ना ते पाहा. तरी गावात आवाज लपत नाही, बुवा खोकल्यावरूनही माणूस ओळखतात. त्यावर खरा उपाय म्हणजे परीक्षक बाहेरचे. दिग्रस किंवा पुसदकडच्या एखाद्या मंडळाशी अदलाबदल करा, तुमचे तिघे त्यांच्याकडे, त्यांचे तिघे तुमच्याकडे. पैसाही लागत नाही, गाडीभाडं आणि जेवण. ते जमलं नाही तर निदान सोयरिकीचा आणि शिष्याचा नियम करा: स्वतःच्या नात्यातल्या किंवा शिकवलेल्या माणसाच्या प्रवेशिकेला परीक्षकानं क्रम द्यायचा नाही, तिथे उरलेल्या दोघांच्या क्रमांची सरासरी धरायची. वॉर्साच्या शोपँ या पियानोच्या स्पर्धेतही परीक्षक आपल्या शिष्याला गुण देत नाहीत, तेव्हा यात कोणाचा अपमान मानायचं कारण नाही.

उचललेल्या चाली हा आपल्याकडचा जुनाच विषय. सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर भजन बसवणं कित्येक मंडळांत चालतं, आणि गावाला नामात रमवायला ते कामाचंही आहे. फक्त चालीच्या स्पर्धेत ते बसत नाही. प्रवेशिकेच्या कागदावर एक प्रश्न घाला: ‘ही चाल कशावरून सुचली?’ आजीच्या ओव्यांवरून, दंडारीतल्या एका तुकड्यावरून, जे असेल ते. लोकचालीतून वाढवलेल्या चालीला त्यासाठी खाली ढकलू नका, उलट काय वाढवलं ते ऐका. सीमारेषा माझी अशी: राग, ठेका किंवा सुरांची एखादी छोटी कलाकुसर सारखी वाटली तर चालेल, पण मुखड्याची पहिली ओळ सुरासुरानं दुसऱ्या गाण्यावर बसत असेल तर बाद. ती ओळखायला परीक्षक कमी पडतात. अंतिम फेरीतल्या चाली गावातल्या चार-पाच कॉलेजच्या पोरापोरींना ऐकवा, त्यांना पंधरा सेकंदांत आठवतं. आणि बाद करण्याआधी त्या माणसाला बोलावून विचारा. लोकांच्या डोक्यात चाल कुठून येऊन बसली हे त्यांनाही ठाऊक नसतं. बाद करताना चारचौघांत चोर म्हणू नका.

निकालानंतर तीन परीक्षकांचे क्रम वेगवेगळे फळ्यावर लावा, लपवू नका. आणि प्रत्येकाला, नंबर न लागलेल्यालाही, दोन ओळी लिहून द्या. ‘छान प्रयत्न, सराव वाढवा’ असल्या नव्हेत. ‘मुखडा लगेच तोंडात बसतो. दुसऱ्या चरणात उशिरा या शब्दाचा शि लांबवल्यामुळे शब्द ओळखू येत नाही, रा लांबवून पाहा’ अशा. ‘काहून सर, आमच्या पोट्ट्याचा नंबर काहून नाही लागला?’ असं विचारायला येणारे बाप मग कागद वाचून पोराशीच वाद घालत बसतात.

बाकी दोन गोष्टी तुम्ही विचारल्या होत्या. प्रवेश फी घेऊ नका. फी घेतली की हरलेला माणूस हिशेब मागतो. महिलांचा वेगळा गट करावा का, तर चालीच्या स्पर्धेत त्याला काही कारण दिसत नाही, चाल बाईनं बांधली की पुरुषानं हे ऐकून कळत नाही. मागच्या वेळी बायकांच्या दोनच प्रवेशिका आल्या याचं कारण मला तुमच्या तारखांत दिसतं. तुम्ही ऑक्टोबरभर प्रवेशिका मागवल्या. तेव्हा सोयाबीनची सोंगणी असते आणि लगेच कापसाची वेचणी लागते, बाई सकाळी वावरात गेली की दिवेलागणीला घरी येते. यंदा अभंग आषाढातच जाहीर करा, प्रवेशिका पोळ्याच्या आठवड्यात घ्यायला लागा आणि सोंगणी सुरू व्हायच्या आत बंद करा.